अकरावं दार

आमच्या घरात तांदूळ दोनदा निवडले जायचे. पहिल्यांदा मी निवडायचे. शाळेतून आले की आई परात माझ्या मांडीवर ठेवायची आणि मी बोटांनी एकेक मूठ पसरून खडे शोधत बसायचे. डोळ्यांच्या मधलं दिसणं तोवर गेलं होतं, कडेकडेचं तेवढं उरलं होतं. म्हणजे परातीचा काठ दिसायचा, परातीतले तांदूळ नाहीत. तरी मी मनापासून निवडायचे. झाले की आई म्हणायची, "किती साजरे निवडले व, एक खडा नाही." मग परात आत जायची, स्वयंपाकघराचं दार लोटलं जायचं आणि ओट्यावर तांदूळ पुन्हा पसरल्याचा आवाज यायचा. पाठोपाठ खिडकीतून खालच्या पत्र्यावर पडणाऱ्या खड्यांचा. मी ते मोजायचे. एकदा नऊ झाले होते. रात्री जेवायला बसलं की बाबा पहिला घास घेऊन विचारायचे, आज तांदूळ कोणी निवडलेत, आई माझं नाव सांगायची आणि मी मान खाली घालून भात कालवत राहायचे.

बाबा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. यवतमाळकडून आलेली आमच्यासारखी पाच-सहा घरं त्या क्वार्टर्समध्ये होती, त्यामुळे जिन्यात पाय ठेवला की पुणं संपायचं. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग सायकली, मग दूर कुठेतरी सरावाच्या गोळीबाराचे पटपट आवाज; पाहुणे दचकायचे, आम्हाला ते ऐकूही येत नसत. रविवारी आई पातोडीचा रस्सा करायची, बेसनाच्या वड्या लाल रश्श्यात सोडलेल्या, आणि सगळ्या मजल्याला ठसका लागायचा. जेवण झाल्यावर बाबा कॅरम काढायचे. मी स्ट्रायकर मारायचे आणि बाबा सांगायचे, "राणी गेली, आता कव्हर घे." राणी भोकात गेली की जाळीत पडल्याचा आवाज होतो. तो झालेला नसायचा. मी कव्हर घ्यायचे आणि जिंकायचे. त्या वर्षांत मी बाबांकडून एकदाही हरले नाही.

त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. एकुलत्या एका मुलीचे डोळे बाराव्या वर्षी जायला लागल्यावर आईबापांनी दुसरं काय करायचं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मला त्या घरात फार एकटं वाटायचं. शाळेत मैत्रिणी एकदम हसायच्या, मी विचारायचे काय झालं, आणि कोणीतरी म्हणायचं, "काही नाही गं, असंच." फोटो आले की मी सगळ्यांत छान आलेली असायचे. ड्रेसचा रंग मला नेहमीच खुलून दिसायचा. जगात काहीतरी खरंखुरं चाललेलं आहे आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर ते धुऊन, पुसून, साखर लावून येतं आहे, एवढं मला कळत होतं. कोणाला सांगणार? ज्याला सांगितलं असतं त्यानेही म्हटलं असतं की तसं काही नाही.

माझं एकच काम असं होतं ज्यात कोणाचा हात नव्हता. डोळे चांगले असताना बाबांनी स्केट्स आणून दिले होते. पहाटे क्वार्टर्सच्या मागच्या उताराच्या रस्त्यावर गाडी-घोडं नसायचं, तेव्हा मी ते घालून उतरायचे. रस्ता पाठ होता. गटाराचं झाकण कुठे, खड्डा कुठे, कुठल्या घराशी वळायचं. एका सकाळी खाली पोचले तर कोणीतरी उभं होतं आणि विड्यांचा वास येत होता. ते सुभेदार साहेब. आमच्या मागच्या लाइनीत राहायचे, साताऱ्याकडचे, फौजेत बरीच वर्षं बर्फात काढलेली, डाव्या पायाची दोन बोटं तिथेच ठेवून आलेले. निवृत्त झाल्यावर ते जखमी जवानांना आणि अपंग मुलामुलींना दर हिवाळ्यात उत्तरेला नेऊन स्कीइंग शिकवायचे. कोणाचा एक पाय, कोणी बसूनच घसरणारा. माझ्यासारखी मुलगी त्यांना हवी होती. ते घरी आले तेव्हा आईने सरळ नाही म्हटलं. बर्फावर म्हणे आंधळं पोर सोडायचं. साहेब चहा पीत शांतपणे म्हणाले, "वहिनी, बर्फावर डोळस माणूस बी पडतंय. हिला कान हायेत, तेवढं पुरं." बाबांनी हो म्हटलं. आईनेही शेवटी मान डोलावली, कारण यातून काही निघणार नाही अशी तिची खात्री होती.

हा खेळ कसा चालतो ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बर्फाच्या उतारावर वरपासून खालपर्यंत लाल आणि निळ्या काठ्यांच्या जोड्या रोवलेल्या असतात. प्रत्येक जोडी म्हणजे एक दार. प्रत्येक दारातून जायचंच, एक जरी सुटलं तरी फेरी बाद. सुटलं हे लगेच कळलं तर मात्र थांबून, तिरकं तिरकं परत वर चढून ते दार घेता येतं. वेळ जातो, फेरी वाचते. ज्याला दिसत नाही त्याच्या पुढे एक डोळस जोडीदार घसरत जातो आणि आवाज देतो, आणि मागच्याने त्या आवाजामागे जायचं. हात लावायचा नाही. चांगला उतरणारा दाराच्या आतल्या काठीला इतका खेटून वळतो की काठी त्याच्या हातावर आपटून जाते. माझ्या उजव्या मनगटावर अजूनही त्या काठ्यांची खूण आहे, म्हणजे भाची, माझ्या मावसबहिणीची मुलगी, तसं सांगते. माझे केस पिकलेत असंही तीच सांगते.

माझ्यासाठी साहेबांनी जी जोडीदार शोधली ती मृणाल. राहायला शनिवार पेठेत, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला, गिर्यारोहणाचे आणि बर्फाचे सगळे कोर्स केलेली, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. पहिल्यांदा घरी आली तेव्हा आईने पोहे केले आणि कौतुकाने विचारलं, कशी वाटली आमची वैजू. मृणाल म्हणाली, "अजून उतरताना बघितली नाही, काकू. पोहे छान आहेत. मीठ कमी आहे." आईच्या हातातला झारा कढईवर आपटला. आई पुढे दोन वर्षं त्या मिठाचा उल्लेख करत होती. पण मीठ खरंच कमी होतं. मी घास तसाच तोंडात धरून बसले होते, आणि मला हसू येत होतं की रडू, ते ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे साडेपाचला रेंज हिल्सच्या उतारावर स्केट्स घालून आमचा सराव सुरू झाला. बुधवार पेठेतून एक कमरेला बांधायचा स्पीकर आणला होता, भाजीवाले वापरतात तसला, तो मृणाल पाठीकडे बांधायची आणि तोंडाशी माइक. रस्त्यावर वाळू भरलेल्या बाटल्यांची दारं. शब्द आम्ही ठरवून घेतले. डावी, उजवी, सोड म्हणजे वेग येऊ दे, धर म्हणजे आवर. आवाज थांबला तर मी जागच्या जागी थांबायचं. आणि दार सुटलं की ती म्हणणार "चुकलं", आणि मी एका शब्दाने वाद न घालता थांबून, परत वर जाऊन ते दार घेणार. पहिल्या आठवड्यात ती हेच म्हणत होती. चुकलं. चुकलं. चुकलं. दूधवाले थांबून बघायचे. एकदा सराव संपल्यावर ती म्हणाली, "तुझ्या सलवारीला मागे चिखल आहे. तीन दिवसांपासून आहे." तीन दिवस मी ती सलवार घालून कॉलेजला गेले होते, दुकानात गेले होते, आणि घरात दारात सगळ्यांनी मला पाहिलं होतं. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला इतकं बरं वाटलं की मी तिला विचारलं, अजून काय आहे. ती म्हणाली, "अजून केस विंचर."

आम्ही मैत्रिणी होतो असं मात्र म्हणता येणार नाही. सात वाजले की ती स्कूटीला किक मारून निघून जायची. चहाला थांबली नाही, घरचं काही बोलली नाही, मला काही विचारलं नाही. उरलेला सगळा दिवस मी त्या दीड तासावर काढायचे. दुपारी गादीवर पडल्यापडल्या मी तिचा आवाज मनात चालवायचे, डावी, उजवी, सोड, आणि आईने विचारलं तर सांगायचे की डोकं दुखतंय. तेवढ्या एका आवाजाला मी धरून होते, आणि त्या आवाजाला त्याची काही कल्पना नव्हती.

पहिला हिवाळा पडण्यात गेला. बर्फात माझं उरलंसुरलं दिसणंही गेलं. वर पांढरं, खाली पांढरं, मधे ती पिठाच्या डब्यात हात घातल्यासारखी थंडी. दुसऱ्या हिवाळ्यात मी उतरायला लागले. त्या वर्षी परदेशातल्या स्पर्धेला जाणाऱ्या चमूत मुलींच्या दोन जागा होत्या आणि निवडीला आम्ही पाच जणी. सोळा दारं, एक फेरी. वर रांगेत उभ्या असताना खालून आवाज येत होते. एक पडली, दुसरीचं दार सुटलं आणि ती रडायला लागली, तिसरी पुरी उतरली, चौथी पडली. साहेब कानाशी येऊन म्हणाले, "घाई करू नगंस. पुरी उतर, बास." म्हणजे नुसतं पुरं उतरलं की माझी जागा पक्की होती.

त्या उतरण्याबद्दल मला खूप लिहिता येईल, आणि लिहिलं तरी ते पुरणार नाही. पहिली तीन-चार दारं मी नेहमीसारखी शब्द ऐकून मग वळत होते. पुढे कुठेतरी ते मागेपुढे राहिलंच नाही. मृणाल डावी म्हणत होती आणि मी आधीच डावीकडे होते. काठ्या हातावर टण टण लागत होत्या, खाली बर्फ कापड फाडल्यासारखा वाजत होता, वारा कानाच्या पाळ्या ओढत होता. कोणी मला धरलेलं नव्हतं, कोणी मला जिंकू देत नव्हतं. मी ओरडत होते असं नंतर कळलं. खाली पोचून मी हातातल्या दोन्ही काठ्या बर्फात रोवल्या. मृणाल जवळ आली आणि म्हणाली, "छान उतरलीस."

दोन वर्षांत तिने हा शब्द माझ्यासाठी वापरला नव्हता. मला तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. साहेब वरून खाली आले तसा मी त्यांचा मोबाईल मागून घेतला आणि निवड झाली म्हणून घरी फोन लावला. आईने मागेच पेढे आणून ठेवले होते. ती फोन न ठेवताच दारोदार सांगत सुटली, मला तिच्या चपलांचा जिन्यातला आवाज येत होता.

यादी लागली तासाभराने. प्रत्येक दारापाशी एक पंच वही घेऊन उभा असतो. अकराव्या दारावरच्या पंचाने लिहिलं होतं की माझं दार सुटलं. फेरी बाद. मुलींची एक जागा भरली, दुसरी महिन्याने होणाऱ्या चाचणीसाठी रिकामी ठेवली. साहेबांनी हे सगळं वाचून दाखवलं. मी मृणालच्या आवाजाच्या दिशेला वळून विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "हो." मी विचारलं, केव्हापासून? "तेव्हापासूनच." म्हणजे त्या क्षणी तिने नेहमीचा तो एक शब्द म्हटला असता, मी थांबले असते, वर चढून दार घेतलं असतं, दोन मिनिटं गेली असती आणि निवड झाली असती. का नाही म्हणालीस, असं मी विचारलं. तिने हातमोज्यांवरचा बर्फ झटकला. मग म्हणाली, "तू इतकी सुंदर उतरत होतीस. मला ते मोडवलं नाही."

परतीच्या दोन दिवसांच्या प्रवासात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. घरच्यांनी फसवलं त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं, ते घरचेच होते. पण हीसुद्धा? जिने आईला मिठाचं सांगितलं, जिने मला चिखलाचं सांगितलं, तिने नेमक्या त्या एका दाराशी माझ्या आईसारखं वागावं? गाडी पुण्याला पोचली तेव्हा तिने डब्याच्या दारात सवयीने "पायरी" म्हटलं. मी तिचा आवाज सोडून दांडा चाचपत उतरले आणि गुडघा फोडून घेतला.

बादचं मी यादी लागली त्याच संध्याकाळी फोनवर बाबांना सांगितलं होतं. तोवर पेढे वाटून झाले होते. मी घरी पोचले तर क्वार्टर्सच्या फाटकावर अभिनंदनाचा फलक लागला होता, त्यावर माझा फोटो, छान आलेला. कारखान्याच्या लोकांच्या मंडळाने सत्कार ठरवला होता. मी म्हटलं, सगळ्यांना सांगून टाका. बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले. आई माझ्या शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आता कायले सांगतं? पुढच्या महिन्यात तं होतेच तुई निवड. मंग खरंच होऊन जाते." तिच्या दृष्टीने त्यात काही वावगं नव्हतं. खडे मागाहून काढायचे, परात आधी छान म्हणून घ्यायची. मी तिचं ऐकलं. पंधरा दिवस जिन्यात बायका माझे गाल कुस्करत होत्या आणि मी हसत होते. तेही मला जमलं, हे मी लिहायला हवं.

रेंज हिल्सला मी जात नव्हते. रोज पहाटे साडेपाचला खाली स्कूटी येऊन थांबायची, एकच हॉर्न वाजायचा. दहा मिनिटांनी ती निघून जायची. मी पांघरुणात डोळे उघडे ठेवून ऐकत असायचे. साहेब दोनदा घरी आले. पुढच्या चाचणीसाठी नावं जोडीनेच द्यावी लागायची, खेळाडू आणि तिचा डोळस जोडीदार, आणि ती सोमवारपर्यंत पाठवायची होती. ते म्हणाले, "भांडा, पर एकमेकींशी भांडा. अबोला धरून उतरता येत न्हाई." मी म्हटलं, सोमवारी सांगते. सत्कार रविवारी होता.

रविवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये दोनशे खुर्च्या, मागे बटाटेवड्यांचा वास आणि माइकची घरघर. आईने मला नवी साडी नेसवली होती. मृणाललाही बोलावलं होतं. ती येईल असं मला वाटलं नव्हतं, पण व्यासपीठाशी पोचले तर तिचा आवाज आला, "पायरी. अजून एक. सपाट." आणि माझे पाय माझं न ऐकता तिचं ऐकून वर चढले. चिटणिसांनी लांबलचक भाषण केलं. देशाचं नाव, कारखान्याचं नाव, विदर्भाचं नाव. मग म्हणाले की या निवडीने आपली सगळ्यांची मान ताठ झाली आहे. टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यांवर शाल आली, हातात नारळ आला आणि माझ्या तोंडासमोर माइक आला. मी धन्यवाद म्हणून उतरणार होते. तसंच ठरलं होतं.

मी म्हणाले, "माझी निवड झालेली नाही. माझं एक दार चुकलं. माझ्या जोडीदाराने ते पाहिलं आणि मला सांगितलं नाही. तिने सांगितलं असतं तर झाली असती." एवढंच म्हणाले. हॉलमधल्या खुर्च्या करकरल्या. दोनशे माणसं एका बाजूला वळली की तसा आवाज होतो. ती माझ्या उजव्या हाताला उभी होती. कोणीतरी तिच्यापुढे माइक धरला असावा, किंवा तिनेच घेतला. तिच्या आवाजात नेहमीपेक्षा काही वेगळं नव्हतं. "खरं आहे," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही." मागच्या रांगेत एक बाई बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाली की आंधळ्या पोरीला असं फसवतात का. तिला कोणी गप्प केलं नाही.

वडे सगळ्यांनी खाल्ले, पण गुपचूप. आई स्वयंपाकाच्या बायकांमध्ये जाऊन बसली, बाबा फाटकावरचा फलक काढायला गेले. मला मात्र हलकं वाटत होतं, अगदी खरं सांगायचं तर फुशारलेलं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या माणसांना त्यांना नको असलेलं ऐकवलं होतं. मी शाल घडी करून बाहेर आले, तर स्कूटीच्या स्टँडचा आवाज आला. मृणाल म्हणाली, "एकच विचारते. अकराव्या दाराची काठी तुझ्या हाताला लागली नाही. तुला ते कळलं नव्हतं?"

मी म्हणाले, "नाही."

"बरं," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

सोमवारी पहाटे मी साडेपाचच्या आधीच खाली जाऊन उभी राहिले. मनात मी तिला माफ करून टाकलं होतं, साहेबांना दोन्ही नावं द्यायची असं ठरवलं होतं आणि तिला ते सांगायला उतावीळ झाले होते. दूधवाले गेले, पेपरवाले गेले. एक स्कूटी आली, ती दुसरीच कोणाची. भोंगा वाजला आणि बाबा सायकल काढताना मला बघून थबकले. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते निघून गेले. मी साडेआठपर्यंत उभी होते.

साहेबांनी मला एक तरुण जवान दिला. फार भला माणूस. प्रत्येक दाराला शाबास म्हणायचा, मी पडले तरी शाबास म्हणायचा. पुढच्या चाचणीत माझी निवड झाली आणि आईचे पेढे खरे झाले. पुढे चार हिवाळे मी परदेशात उतरले, कधी सातवी, कधी नववी. लोकांना तेवढंच माहीत आहे, आणि माझ्यावर दोन-तीनदा लेख आले त्यांतही ती हकीकत आहे, जोडीदाराने दगा दिल्यावरही न खचलेल्या मुलीची. त्यात मृणालचं नाव नसतं, पण आमच्या खडकीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती नंतर कोणासाठीच उतरली नाही असं साहेब एकदा म्हणाले. तिचा नंबर भाचीने शोधून दिला आहे. दोन वर्षं तो माझ्याकडे पडून आहे.

मला कळलं होतं. दहाव्या दाराची काठी हातावर आपटली आणि अकराव्याची आपटली नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला न लागलेली काठी लागलेल्या काठीपेक्षा जास्त कळते. थांबायला मला तिच्या शब्दाची गरज नव्हती. तो शब्द आता येईल, आता येईल म्हणून मी पाऊण सेकंद कान टवकारून होते, आणि मनात म्हणत होते की म्हणू नकोस, मृणाल, एवढ्या वेळी म्हणू नकोस. तिने "डावी" म्हटलं. मी ओरडले ती तेव्हा.